दहा की सोळा? कमांड लाईनच्या टूलमध्ये दशमान आणि हेक्स आकडे कसे घ्यावेत

टर्मिनलवर कुणी १० टंकलं, तर ते दहा समजायचं (दशमान, म्हणजे दहाच्या पायाची नेहमीची पद्धत) की सोळा (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाची, जिच्यात ९ नंतर एपासून एफपर्यंतची अक्षरं अंक म्हणून येतात)? टूल लिहिणाऱ्यानं हे ठरवलं नाही, तर ते लायब्ररीतलं एखादं फंक्शन परस्पर ठरवून टाकतं. वापरणाऱ्याच्या मनात वेगळं असेल तर चूक लगेच दिसतही नाही, कारण दोन्ही अर्थांनी आकडा वैधच असतो. पहिल्यांदा कमांड लाईनचं टूल लिहायला बसलेल्यांसाठी हा निर्णय कसा घ्यायचा, ते इथे पायरीपायरीनं दिलं आहे.

वाचण्यापूर्वी एक खुलासा. इथे आज्ञा आणि अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ०एक्स१एफ म्हणजे कीबोर्डवर शून्य, एक्स, एक, एफ. प्रत्यक्ष टंकताना लॅटिन अक्षरं आणि लॅटिन अंकच वापरायचे. (गंमत म्हणजे पायथनचं इंट फंक्शन देवनागरी '१०' सुद्धा दहा म्हणून निमूट स्वीकारतं. मजकुरातून आकडा वाचणारं सी भाषेतलं स्ट्रटोल फंक्शन मात्र त्याला अंक मानत नाही.)

पायरी १: कोणता आकडा कशाचा आहे ते पाहा

टूलला लागणाऱ्या सगळ्या आकड्यांची आधी यादी करा. मोजायच्या गोष्टी, म्हणजे किती वेळा, किती सेकंद, किती ओळी, कोणता पोर्ट, या दशमानात बोलल्या जातात. मेमरीचे पत्ते, रजिस्टरमधल्या किमती, बिट मास्क (कोणते बिट चालू आणि कोणते बंद हे सांगणारे आकडे) आणि उपकरणांचे ओळख क्रमांक हेक्समध्ये बोलले जातात.

हेक्सचं कारण सरळ आहे. हेक्सचा एक अंक म्हणजे बरोबर चार बिट, दोन अंक म्हणजे एक बाइट. ६१४४० हा मास्क पाहून कुणालाही काही कळत नाही. तोच ०एक्सएफ००० असा लिहिला की सोळा बिटांतले वरचे चार चालू आणि बाकीचे बंद, हे न मोजता दिसतं. तसंच ४०९६ बाइटांचं मेमरी पान म्हणजे ०एक्स१०००, त्यामुळे शेवटी तीन शून्यं असलेला पत्ता पानाच्या सुरुवातीचा आहे हे लगेच ओळखू येतं.

एकाच टूलमध्ये दोन्ही प्रकार येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न येतो: कोणता आकडा कोणत्या पद्धतीत लिहिलाय, हे आकड्यावरूनच कसं कळावं?

पायरी २: शेलमधून सुखरूप पार होणारी खूण निवडा

हेक्स दाखवायच्या खुणा भरपूर आहेत. ६५०२ आणि मोटोरोलाच्या प्रोसेसरांच्या असेंब्लर परंपरेत आकड्याआधी डॉलर लावतात. बीबीसी बेसिकमध्ये अँपरसँड, इंटेलच्या असेंब्लरमध्ये शेवटी एच, व्हेरिलॉगमध्ये ८'एचएफएफ, एडामध्ये १६#एफएफ#. आपापल्या भाषेत यातली प्रत्येक खूण ठीक आहे. पण कमांड लाईनवर आकडा तुमच्या टूलच्या हाती पडण्याआधी शेल, म्हणजे टंकलेली ओळ वाचून आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, तो वाचतो, आणि शेलची स्वतःची काही मतं असतात.

टूल --मास्क $एफएफ --जोरात असं चालवून पाहा. शेलच्या दृष्टीनं $एफएफ हे एका व्हेरिएबलचं नाव आहे. ते कुणी ठेवलेलंच नसतं, म्हणून त्या जागी काहीच उरत नाही. तुमच्या टूलला मिळतं ते --मास्क आणि लगेच --जोरात. बऱ्याच पार्सरांना (पर्याय वाचणाऱ्या कोडला) मग '--जोरात' हीच मास्कची किंमत वाटते. अँपरसँड लावलात तर आधीचा भाग पार्श्वभूमीत चालू होतो आणि शेल एफएफ नावाची आज्ञा शोधू लागतो. आकड्याआधी नुसतं # लावलं, तर तिथून पुढचं सगळं टिप्पणी म्हणून गळून पडतं. व्हेरिलॉगच्या खुणेतला एकेरी अवतरण उघडाच राहतो आणि शेल पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो. अवतरणात घालून हे सगळं टाळता येतं, पण ते प्रत्येकानं प्रत्येक वेळी लक्षात ठेवायला हवं, आणि तसं होत नाही.

शेवटी एच लावायची पद्धत शेलमधून नीट जाते. तिची अडचण वेगळी: आकडा संपेपर्यंत तो हेक्स आहे हे कळत नाही, आणि १०एच पाहून कुणाला 'दहा तास' असंही वाटू शकतं.

उरतो ०एक्स. शेल त्याला हात लावत नाही. अंकानं सुरू होत असल्यामुळे ते व्हेरिएबलचं किंवा फाइलचं नाव वाटत नाही, आणि सी, पायथन, जावा, गो, रस्ट, जावास्क्रिप्ट या सगळ्या भाषांत ते चालतं. नव्या टूलसाठी ०एक्स घ्या. लहान आणि मोठा, दोन्ही एक्स स्वीकारा. एपासून एफपर्यंतची अक्षरंही दोन्ही आकारांत स्वीकारा.

पायरी ३: बिनखुणेचा आकडा म्हणजे कायम दशमान

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आयटूसी बसवर (चिप एकमेकींशी जोडणाऱ्या दोन तारांच्या वाहिनीवर) कोणत्या चिप आहेत हे पाहायला लिनक्सवर आयटूसीडिटेक्ट चालवतात. ते एक तक्ता छापतं. ईईप्रॉम चिप (वीज गेली तरी माहिती टिकवणारी) जोडलेली असेल तर तक्त्यात बहुधा ५० दिसतं. नुसतं ५०, खूण नाही; तक्ता हेक्समध्ये आहे हे गृहीत धरलेलं. आता ती चिप वाचायला कुणी तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उचलून असं टंकतं:

आयटूसीगेट -वाय १ ५० ०

इथे १ हा बसचा क्रमांक, ५० चिपचा पत्ता आणि ० चिपमधली जागा. आयटूसीगेट बिनखुणेचा आकडा दशमान मानतं. दशमान ५० म्हणजे हेक्स ३२. म्हणजे विचारणा गेली ०एक्स३२ या पत्त्यावर, जिथे बहुधा काहीच नसतं, आणि वाचन फसल्याचा संदेश येतो. नवखा माणूस मग वायरी तपासतो, पुल-अप रेझिस्टर बदलून पाहतो. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप तक्त्यात ६८ दिसते. तिचंही तेच, ६८ टंकलं की पत्ता होतो ०एक्स४४. आणि त्या पत्त्यावर खरंच दुसरी चिप असेल तर संदेशही येत नाही. वाचनाऐवजी आयटूसीसेट चालवलेलं असेल, तर लिखाण भलत्याच चिपमध्ये जातं. बरोबर आज्ञा अशी:

आयटूसीगेट -वाय १ ०एक्स५० ०एक्स००

दोन्ही टूल एकाच संचातली, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. एकाचं छापणं दुसऱ्याच्या वाचण्याशी जुळत नाही, एवढाच दोष. तुमच्या टूलनं छापलेला आकडा उचलून त्याच टूलला परत दिला, तर त्याचा अर्थ तोच राहिला पाहिजे. ही कसोटी प्रत्येक आकड्याला लावून पाहा.

उलटी शाळाही आहे. यू-बूट या बूटलोडरमध्ये जवळपास सगळे आकडे न सांगता हेक्स असतात: मेमरी दाखवणारी आज्ञा एमडी ८००००००० १० अशी दिली की मेमरीतले दहा नाही, सोळा शब्द (ठराविक लांबीचे बिटांचे गट) छापले जातात. विनडीबीजी हा डिबगर मूळ मांडणीत आकडे हेक्स मानतो आणि दशमान हवा असेल तर ०एन लावायला लावतो. पीसीआय उपकरणांची मांडणी बदलणारं सेटपीसीआय सगळे आकडे हेक्समध्येच घेतं. दिवसभर पत्त्यांशीच काम करणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. पण तुमच्या टूलमध्ये एकही मोजायची गोष्ट असेल तर हा मार्ग धरू नका. 'किती वेळा' या जागी १० लिहून सोळा वेळा काम झालेलं कुणालाच आवडत नाही.

तिसरा मार्ग, अंदाज बांधण्याचा, सगळ्यात वाईट. 'आकड्यात अक्षर असेल तर हेक्स, नसेल तर दशमान' हा नियम दिसायला चतुर आहे. पण ०० ते एफएफ या २५६ बाइट किमतींपैकी १०० किमतींत एकही अक्षर नसतं. म्हणजे १एफ बरोबर चालतं, ३ए बरोबर चालतं आणि ४० दिलं की गाडी घसरते. चाचणी करताना माणूस नेमके एफएफ आणि एबी असले 'हेक्ससारखे' आकडे टाकतो, त्यामुळे चूक चाचणीत सापडत नाही. शिवाय १ई३ काय आहे? हेक्समध्ये ४८३, घातांकाच्या पद्धतीत १०००.

अपवाद एकच मानावा: ज्याचं रूपच ठरलेलं आहे ते. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता कोलन (:) चिन्हांनी जोडलेल्या सहा हेक्स जोड्यांत लिहितात, यूएसबीचा ओळख क्रमांक चार-चार हेक्स अंकांच्या जोडीत. तिथे ०एक्स मागणं आडमुठेपणा होईल. यूएसबी उपकरणांची यादी देणारं एलएसयूएसबी हेच करतं: -डी पर्यायाला निर्माता आणि उत्पादन यांचे क्रमांक हेक्समध्ये, तर -एस पर्यायाला बस आणि उपकरण यांचे क्रमांक दशमानात. असं करायचं तर प्रत्येक पर्यायाच्या मदतीत ते स्पष्ट लिहायलाच हवं.

पायरी ४: आधीच्या शून्याचं काय करायचं?

सी भाषेत शून्यानं सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचा असतो. ०१० म्हणजे आठ. ही प्रथा सी च्या आधीच्या बी भाषेतून आली. युनिक्सची सुरुवात ज्या पीडीपी-७ यंत्रावर झाली त्याचा शब्द १८ बिटांचा होता, आणि १८ बिट तीन-तीनच्या सहा गटांत नेमके बसतात. तिथे ऑक्टल सोयीचं होतं. आज ते फाइलींच्या परवानग्यांपुरतं उरलंय, पण शून्याचा सापळा मात्र मागे राहिला.

बॅश या शेलमध्ये $((०१०)) चं उत्तर ८ येतं आणि $((०८)) ला थेट चूक येते, कारण आठ हा ऑक्टलचा अंकच नाही. म्हणून डेट आज्ञेकडून महिना घेऊन गणित करणारी स्क्रिप्ट जुलैपर्यंत मजेत चालते आणि ऑगस्टमध्ये पडते. सप्टेंबरमध्येही पडते, ऑक्टोबरमध्ये आपोआप बरी होते. इलाज: $((१०#$महिना)), म्हणजे पाया दहा हे स्पष्ट सांगणं. विंडोजच्या सेट /ए आज्ञेतही ०८ आणि ०९ ची हीच गत.

नव्या भाषांनी यातून अंग काढून घेतलंय. पायथन ३ मध्ये कोडात ०१० लिहिणं ही व्याकरणाची चूक आहे. ऑक्टल हवं तर ०ओ१० लिहायचं. तुमच्या टूलमध्येही आधी शून्य असलेला आकडा नाकारा. अडचण एकच: इतर प्रोग्रॅम शून्यं भरून रुंदी सारखी केलेले आकडे देतात, जसं ००७. असा डेटा तुमच्या टूलकडे येणार असेल तर त्याला दशमान माना आणि तसं लिहून ठेवा. ऑक्टल मात्र चुकूनही मानू नका. सीएचमॉडसारखं परवानग्यांचं टूल लिहीत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ७५५ ऑक्टलच असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पायरी ५: आकडा वाचणारा कोड

सी मध्ये एटोआय वापरू नका. त्याला ०एक्स१० दिलं तर ते शून्य वाचतं, एक्सपाशी थांबतं आणि ० परत देतं. तक्रार नाही. स्ट्रटोल किंवा स्ट्रटोयूएल वापरा, पण पायाच्या जागी शून्य देऊ नका. पाया शून्य दिला की फंक्शन स्वतः ठरवतं: ०एक्स असेल तर हेक्स, नुसतं शून्य असेल तर ऑक्टल, नाहीतर दशमान. ऑक्टलचा सापळा मागच्या दारानं परत आला. त्याऐवजी क्रम असा ठेवा:

१. पहिलं अक्षर अंकच आहे का पाहा. नसेल तर नाकारा. यामुळे रिकामी स्ट्रिंग, आधीच्या मोकळ्या जागा आणि वजा चिन्ह एकदमच बाहेर जातात.
२. सुरुवात ०एक्सनं असेल तर पाया १६, नाहीतर १०. पाया १० असताना पहिला अंक शून्य आणि लांबी एकापेक्षा जास्त असेल तर नाकारा.
३. एररनो (सी मध्ये चुकीचा प्रकार नोंदवला जातो ते व्हेरिएबल) शून्य करा, मग पूर्ण स्ट्रिंग फंक्शनला द्या.
४. वाचन कुठे थांबलं हे फंक्शन पॉइंटरनं सांगतं; तो शेवटचा पॉइंटर स्ट्रिंगच्या टोकाशी पोचलाय का ते पाहा. नसेल तर नको ते अक्षर मध्ये आहे.
५. एररनोमध्ये ईरेंज (आकडा मावत नाही ही खूण) आलं का पाहा, आणि मग तुमची स्वतःची मर्यादा तपासा.

वजा चिन्ह आधीच अडवायचं कारण असं की स्ट्रटोयूएलला '-१' चालतं. ६४ बिटी लिनक्सवर ते १८४४६७४४०७३७०९५५१६१५ परत देतं आणि चूक म्हणून काहीच सांगत नाही. दुसरी खोच: ०एक्स स्वतः कापून उरलेला भाग पाया १६ नं वाचायचा मोह होतो. पण पाया १६ असताना हे फंक्शन पुढे आणखी एक ०एक्स चालवून घेतं, त्यामुळे ०एक्स०एक्स१० सुद्धा वैध ठरतं. म्हणून वर पूर्ण स्ट्रिंग द्या म्हटलंय. नुसतं ०एक्स आलं तर शून्य वाचून पॉइंटर एक्सवर थांबतो आणि चौथ्या तपासणीत ते पकडलं जातं.

पायथनमध्ये इंट(एस, ०) बहुतेक काम करतं: हेक्स घेतं, ०१० नाकारतं. ते ०ओ, ०बी आणि मधल्या अंडरस्कोअरही घेतं; नको असेल तर आधी गाळा. आर्गपार्समध्ये (पायथनच्या पर्याय वाचणाऱ्या लायब्ररीत) नुसता इंट प्रकार दिलात तर ०एक्स१एफ नाकारलं जाईल, हे मात्र लक्षात ठेवा. गो च्या पार्सयूइंटला पाया शून्य दिला तर ०१० चे आठ होतात. जावाच्या डिकोडचंही तसंच. रस्टचं फ्रॉम-स्ट्र-रेडिक्स ०एक्स अजिबात घेत नाही, ते आधी कापावं लागतं. जावास्क्रिप्टच्या नंबरला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य मिळतं, म्हणून तीही आधी तपासा.

पायरी ६: प्रत्यय आणि हेक्स यांची गाठ घालू नका

आकाराच्या मागे के, एम लावायची सोय छान वाटते. पण बी, डी, ई ही हेक्सची अंकाक्षरं आहेत. फाइलीतले बाइट छापणाऱ्या ओडी आज्ञेत बी प्रत्यय म्हणजे ५१२ पट. पण आकडा हेक्स असेल तर शेवटचा बी हा अंक मानला जातो. नियम सोपा ठेवा: प्रत्यय फक्त दशमान आकड्याला.

डिस्कवर थेट ब्लॉक लिहू शकणारी डीडी आज्ञा तर याहून घातक. तिच्यात एक्स म्हणजे गुणाकार, आणि सीक म्हणजे लिहिण्याआधी किती ब्लॉक सोडायचे. सीक=०एक्स२०० म्हणजे शून्य गुणिले २००, उत्तर शून्य. डिस्कवर ५१२ ब्लॉक सोडून लिहायचं होतं ते अगदी सुरुवातीपासून लिहिलं जातं, विभागणीच्या तक्त्यासकट. जीएनयूच्या नव्या आवृत्त्या इशारा देतात, पण काम थांबवत नाहीत. डीडीला हेक्स द्यायचं असेल तर बॅशकडून आधी बदलून घ्या: सीक=$((०एक्स२००)).

पायरी ७: छापतानाही खूण ठेवा

छापलेल्या प्रत्येक हेक्स आकड्याला ०एक्स लावा आणि रुंदी ठरवा: बाइटला दोन अंक, ३२ बिटांना आठ. प्रिंटएफचा %#एक्स वापरताना दोन गोष्टी खटकतात. किंमत शून्य असेल तर तो खूण लावतच नाही, नुसतं ० छापतो. आणि रुंदीत खुणेची दोन अक्षरंही मोजली जातात, म्हणून दोन अंकांसाठी %#०४एक्स लिहावं लागतं. मोठी अक्षरं मागितली तर खुणेतला एक्सही मोठा होतो. या भानगडीत न पडता फॉरमॅटमध्ये ०एक्स अक्षरशः लिहा आणि पुढे %०२एक्स ठेवा.

बाइटांचा मोठा तक्ता छापताना प्रत्येकापुढे ०एक्स लावलं तर वाचवत नाही. तिथे खूण वगळा, पण डावीकडच्या पत्त्याला ती लावा. जेसनमध्ये (प्रोग्रॅमांमधल्या देवघेवीच्या मजकुरी रूपात) हेक्स आकडा नाहीच. तिथे दशमान आकडा द्या किंवा ०एक्ससकट स्ट्रिंग द्या.

छापलेलं ताडून पाहायला बीसी हा कमांड लाईनवरचा गणक वापरत असाल तर जपून. त्यात आयबेस म्हणजे वाचण्याचा पाया, ओबेस म्हणजे छापण्याचा. आयबेस=१६ आधी दिलं आणि मग ओबेस=१० म्हटलं, तर ते १० हेक्समध्ये वाचलं जातं, म्हणजे सोळाच राहतं. हेक्सची अक्षरंही मोठीच द्यावी लागतात. लहान अक्षरं तिथे व्हेरिएबल ठरतात आणि एफएफचं उत्तर ० येतं. त्यापेक्षा प्रिंटएफ '%डी' ०एक्सएफएफ बरं.

पायरी ८: मदत, संदेश आणि चाचणी

मदतीच्या मजकुरात प्रत्येक आकड्याच्या पर्यायापुढे एक नमुना द्या: '--पत्ता आकडा, उदा. ८० किंवा ०एक्स५०'. दोन्ही रूपांत एकच किंमत दाखवली की नियम वेगळा समजावावा लागत नाही. चुकीच्या संदेशात आलेलं मूळ रूप आणि पुढची वाट दोन्ही हवं: '१एफ हा दशमान आकडा नाही, हेक्स हवा असेल तर ०एक्स१एफ लिहा'. काही पुसून टाकणारी किंवा लिहिणारी आज्ञा असेल तर काम सुरू करण्याआधी समजलेला आकडा दोन्ही पद्धतींत छापा.

चाचणीत किमान हे घाला: १०, ०एक्स१० आणि मोठ्या एक्सचं रूप चालले पाहिजेत. ०१०, ०८, १एफ, १ई३, नुसतं ०एक्स, ०एक्सजी, ०एक्स०एक्स१०, -१, रिकामी स्ट्रिंग आणि शेवटी मोकळी जागा असलेला आकडा नाकारले पाहिजेत. ३२ बिटांची मर्यादा असेल तर ४२९४९६७२९५ आत आणि ४२९४९६७२९६ बाहेर.

टूल आधीच लोकांच्या हातात असेल आणि बिनखुणेचे आकडे हेक्स मानत असेल, तर एका आवृत्तीत अर्थ पालटू नका. आधी ०एक्स स्वीकारायला लागा आणि सगळे नमुने त्यात बदला. नंतर बिनखुणेच्या आकड्यावर इशारा छापा. त्यापुढच्या आवृत्तीत तो सरळ नाकारा, आणि हा टप्पा सगळ्यात लांब ठेवा: कुठेतरी रात्री आपोआप चालणारी, कुणाच्याही लक्षात नसलेली स्क्रिप्ट याच काळात चूक देऊन थांबते आणि सापडते. दशमान अर्थ चालू करायचा तो त्यानंतर.